भाच्याला हंटर सिंड्रोम निघाला, आता घरात कोणाकोणाची तपासणी करायची?

सदाफुली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधून पाहिलं, या विषयावर काही सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतेय.

माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाला हंटर सिंड्रोम, म्हणजे एमपीएस टू (म्युकोपॉलिसॅकरायडोसिसचा दुसरा प्रकार), असल्याचं निदान झालंय. पोरगा साडेचार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षात बेंबीचा आणि जांघेतला हर्निया. मग सतत कान फुटणं. मग ॲडिनॉइड काढले. झोपेत घोरतो तर शेजारच्या खोलीत ऐकू येतं. हर्निया सर्जनने केला, कान ईएनटीने बघितले, डोकं मोठं दिसतं म्हणून आणखी कोणी सोनोग्राफी सांगितली. ज्याने त्याने आपापल्या अवयवापुरतं चोख काम केलं. शेवटी बोटं सरळ होत नाहीत म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी हाताचा एक्स-रे बघून थेट जेनेटिक्सला पाठवलं. रक्तात आयड्युरोनेट सल्फाटेज हे एन्झाइम जवळपास शून्य आलं.

कार्डावर एक ओळ लिहून दिलीय: घरच्यांची तपासणी करून घ्यावी. घरच्यांची म्हणजे कोणाची? ताईच्या सासरी सगळे रांगेत उभे राहायला तयार आहेत, आणि त्याच वेळी "आमच्याकडे असलं कधी नव्हतं, हे हिच्या माहेरचं" असंही चाललंय. माझं लग्न नुकतंच झालंय, मूल हवं आहे. भावाला दोन मुली आहेत. कोणी जाणकार सांगेल का?

लॅबवाला

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, शास्त्र मागाहून.

हंटरचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यामुळे सासरच्या मंडळींनी रांगेत उभं राहायची काही गरज नाही. मुलाचे बाबा, काका, आत्या, चुलतभाऊ यांचा इथे संबंधच येत नाही, कारण मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. तपासायचं ते असं: मुलाची आई, तिची आई, तिच्या बहिणी (म्हणजे तुम्ही), तुमच्या मावशा, मावशांच्या मुली. भाच्याला बहीण असेल तर तीही, पण मोठी झाल्यावर, तिच्या मर्जीने. तुमच्या भावाची तब्येत धडधाकट आहे ना? मग त्याच्याकडे हा दोष नाही आणि त्याच्या मुलींकडेही नाही. त्यांना नाहक सुया टोचू नका.

दोष वाहणाऱ्या बाईला स्वतःला सहसा काहीही होत नाही. तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी.

"माहेरचं" या बोलण्याबद्दल एवढंच सांगतो की काही मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तात सापडतही नाही. तेव्हा तपासणीआधी कोर्ट भरवू नये. आणि सापडला तरी तो कोणी ठरवून दिलेला नसतो.

एक विचारतो. तुमच्या आईला एखादा भाऊ होता का, जो लहानपणी गेला?

आडगावकर

हे सगळं मामाच्या मुलीशी लग्नं लावल्यामुळे होतं. आमच्याकडे अजूनही चालतं. कितीही सांगा.

लॅबवाला

आडगावकर, हंटरमध्ये नाही. एकट्या आईकडून येणाऱ्या दोषाला नवरा नात्यातला असला काय आणि परका असला काय, फरक पडत नाही.

पण बाकीच्या बऱ्याच सल्फाटेजांबाबत (सल्फेट काढणारी एन्झाइमं) तुमचं म्हणणं बरोबर आहे. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी (एमएलडी), मॉर्किओ ए, मॅरोटो-लॅमी, सॅनफिलिपो ए, मल्टिपल सल्फाटेज डेफिशियन्सी, या सगळ्या आजारांत आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते. आतेभाऊ-मामेबहिणीत साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच आजोबा-आजीकडून आलेली असतात, त्यामुळे तोच दुर्मिळ दोष दोघांकडे असण्याची शक्यता एकदम वाढते. कोणत्याही जोडप्याला बाळात गंभीर दोष असण्याची दोन-तीन टक्के जोखीम असतेच, सख्ख्या आते-मामे भावंडांत तिच्यात आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. म्हणजे बहुतेकांची मुलं ठणठणीत निघतात, आणि म्हणूनच "आमच्या आजोबांनीही केलं होतं, काय झालं?" हा युक्तिवाद कधी मरत नाही.

तिरफळ

सल्फाटेज म्हणजे सल्फर ना? मग कांदा, लसूण, कोबी, अंडी बंद करून बघितली तर? आमच्या ओळखीचे एक वैद्य गंधक रसायनही देतात, पण ते इथे उलटं पडेल का?

लॅबवाला

नाही तिरफळ. अडकलेला सल्फेट ताटातून आलेला नसतो. शरीर स्वतःच साखरेच्या लांबलचक साखळ्या (हेपरान सल्फेट, डर्माटान सल्फेट वगैरे) तयार करतं आणि त्यांवर जागोजागी सल्फेट चिकटवतं. या साखळ्या कूर्चेत, त्वचेत, हृदयाच्या झडपांत, सगळीकडे लागतात. जुन्या झाल्या की पेशीच्या लायसोसोममध्ये मोडीत निघतात. पोराचा कांदा बंद करून त्यात काही फरक पडणार नाही, जेवणाची मात्र गंमत जाईल. गंधकाने हे उलटही पडत नाही आणि सुलटही. सल्फाची औषधं चालतील का असंही पुष्कळ जण विचारतात, त्यांचाही याच्याशी संबंध नाही.

आता मोडतोड कशी होते ते बघा, कारण यातच सगळी गोम आहे. साखळी नुसती मधून तोडून भागत नाही, एका टोकापासून क्रमाने सोलत जावं लागतं. टोकाला आयड्युरोनिक आम्ल असेल आणि त्यावर सल्फेट असेल, तर आधी आयड्युरोनेट सल्फाटेजने तो सल्फेट काढायचा, मग आयड्युरोनिडेजने ती साखर काढायची. पहिलं काम अडलं तर हंटर, दुसरं अडलं तर हर्लर. पुढे हेपरान सल्फेटवर आणखी एक सल्फेट काढणारं एन्झाइम लागतं, ते नसलं की सॅनफिलिपो ए. एक पायरी अडली की पुढची सगळी एन्झाइमं शाबूत असूनही हात बांधून बसतात.

हंटर आणि हर्लरची मुलं इतकी सारखी का दिसतात ते यावरून कळेल. दोन मोठे फरक: हंटरमध्ये डोळ्याचं बुबुळ सहसा पांढरट होत नाही, आणि हंटर जवळपास फक्त मुलग्यांत दिसतो. चार्ल्स हंटर या विनिपेगच्या डॉक्टरने १९१७ मध्ये लंडनला जे रुग्ण दाखवले ते दोघे सख्खे भाऊच होते, एक १० वर्षांचा, दुसरा ८.

१९६८ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हंटरच्या मुलाच्या त्वचेच्या पेशी आणि हर्लरच्या मुलाच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या. दोन्हींतला साठा कमी झाला! एकीकडे जे नव्हतं ते दुसरीने बाहेर सोडलं होतं आणि पहिलीने ते उचललं होतं. पेशी बाहेरचं एन्झाइम आत घेते हे त्यातून कळलं, आणि आज शिरेतून एन्झाइम द्यायची जी पद्धत आहे तिचं मूळ त्या बशीत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हा पेपर वाचायला लावला होता, अजून त्याची झेरॉक्स जपून ठेवलीय.

दवबिंदू

वाचनखूण साठवली. लॅबवाले काका, लिहीत राहा.

सांगलीकर_बाबा

सहसा फक्त वाचतो, आज लिहितोय.

आमच्या मोठ्या मुलीला एमएलडी होती. दीड वर्षाची असताना चालत होती, दोन वर्षांची झाली आणि पडायला लागली. आधी वाटलं चपला मोठ्या झाल्या. मग कॅल्शियम, मग पायाला पट्ट्या. एमआरआयमध्ये मेंदूतला पांढरा भाग दोन्हीकडे सारखाच बिघडलेला दिसला, तेव्हा अरिलसल्फाटेज ए हे एन्झाइम तपासलं. ती गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मी आणि बायको आते-मामे भावंडं आहोत, वर जे लिहिलंय ते आम्हाला नंतर कळलं.

लिहायचं आहे ते धाकट्याबद्दल. तो झाल्यावर त्याचं एन्झाइम तपासलं तर रिपोर्टवर "कमी" असं आलं. खाली काही खुलासा नाही, फक्त आकडा आणि त्याच्यापुढे बाण. घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या जेनेटिक्सच्या मॅडमनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, लघवीत सल्फाटाइड (एमएलडीत साठणारा पदार्थ) बघा आणि जनुक तपासा. सल्फाटाइड नव्हतं. एका बाजूने आजाराचा दोष आलाय आणि दुसऱ्या बाजूने नुसतंच एन्झाइम कमी दाखवणारा, पण आजार न करणारा बदल आलाय. त्याला स्यूडोडेफिशियन्सी म्हणतात. पोरगा आता शाळेच्या कबड्डी संघात आहे.

तो पहिला कागद देणाऱ्यांनी ही एक ओळ खाली टाकली असती तर आमचे ते दिवस वाचले असते.

लॅबवाला

बाबा, तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण हा घोळ नेहमीचा आहे.

अरिलसल्फाटेज एची जुनी चाचणी मी स्वतः लावत असे. पांढऱ्या पेशी फोडायच्या, त्यात नायट्रोकॅटेकॉल सल्फेट घालायचं, ठरावीक वेळ ठेवायचं आणि मग सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं. एन्झाइमने सल्फेट काढला असेल तर नळी लाल होते. एमएलडीच्या मुलाची नळी फिकी राहते. पण स्यूडोडेफिशियन्सीवाल्या धडधाकट माणसाचीही बरीचशी फिकी राहते, डोळ्यांना तर फरक कळणारच नाही. निरोगी जगायला या एन्झाइमचा अगदी थोडा अंश पुरतो. म्हणून एकट्या एन्झाइमवर एमएलडीचं निदान करू नये. लघवीतलं सल्फाटाइड आणि जनुक, हे दोन्ही हवंच.

दुसरा घोळ याच्या उलट. एक सल्फाटेज खरंच कमी आलं तर त्याच नमुन्यात दुसरं एखादं सल्फाटेज बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये. माणसात १७ सल्फाटेज आहेत, आणि त्या सगळ्यांना कामाला लायक करणारं एन्झाइम एकच आहे. सतरा विळे आणि धार लावणारा एक, असं समजा. हे धार लावणारं एन्झाइम प्रत्येक सल्फाटेजमधल्या एका ठरावीक सिस्टीनचं (हे एक अमिनो आम्ल) फॉर्मिलग्लायसीन करतं, त्याशिवाय सल्फेट सुटत नाही. त्याचं जनुक एसयूएमएफ१. ते २००३ मध्ये गॉटिंगेन आणि नेपल्सच्या दोन गटांनी एकाच वेळी शोधलं. ते बिघडलं की मल्टिपल सल्फाटेज डेफिशियन्सी होते: मूल थोडं एमएलडीसारखं, थोडं एमपीएससारखं, आणि कातडी खवल्यांची. एकच एन्झाइम बघितलं तर त्यावर हंटर किंवा एमएलडी असा भलताच शिक्का बसतो, आणि मग घरात तपासण्याही भलत्याच माणसांच्या होतात. हंटर आईकडून, हा दोघांकडून!

सदाफुली ताई, भाच्याच्या रिपोर्टवर दुसरं सल्फाटेज आहे का बघा.

त्वचा_डॉक

कातडीचा विषय निघालाच आहे म्हणून. स्टेरॉइड सल्फाटेज हेही त्या १७ पैकीच, फक्त ते लायसोसोममध्ये राहत नाही. ते नसलं की एक्स-लिंक्ड इक्थिओसिस: मुलग्यांच्या पोटावर, मानेला, नडगीवर मळकट तपकिरी खवले. आया बिचाऱ्या "अंघोळ घालत नाहीस का" हे ऐकून थकलेल्या असतात. साधारण ६,००० मुलग्यांत एक, म्हणजे वरच्या सगळ्यांच्या मानाने खूपच जास्त. मुलं बुद्धीने, वाढीने बहुतांशी ठीक असतात. वृषण खाली उतरलेत ना तेवढं बघून घ्यावं. अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल किंवा व्हॅसलीन, आणि युरियाचं मलम. बाळंतपणाच्या वेळी कळा उशिरा सुरू झाल्या होत्या का असं विचारलं की पुष्कळ आया चमकून बघतात. वारेत हे एन्झाइम नसल्याने इस्ट्रिऑल कमी तयार होतं, त्याचा तो परिणाम.

घाबरू नका, हा त्यातला सौम्य भाऊ आहे. पण खवल्यांसोबत मूल शिकलेलं विसरायला लागलं तर लॅबवाले म्हणतात ती तपासणी लगेच करा.

मॉर्किओची_आई

माझी मुलगी नववीत आहे, मॉर्किओ ए. आम्हालाही आधी नुसतं "एमपीएस" लिहून दिलं होतं, आणि त्याआधी लघवीची तपासणी चक्क नॉर्मल आली होती. मॉर्किओमध्ये तसं होऊ शकतं, वय वाढेल तसं लघवीतून केराटान सल्फेट (मॉर्किओत साठणारी साखळी) कमी पडतं. म्हणून लघवी नॉर्मल म्हणजे एमपीएस नाही असं धरून बसू नका.

या मुलांची बुद्धी अगदी शाबूत असते, हे मला शाळेत दर वर्षी नव्या बाईंना सांगावं लागतं. उंची पहिलीतल्या मुलाएवढी, म्हणून तिच्याशी लाडे लाडे बोलतात. ती मग मुद्दाम अवघड गणित काढून त्यांना विचारते. मनगटं इतकी सैल की नळ फिरवता येत नाही, बाटलीचं झाकण मैत्रीण उघडते. आम्ही घरचे सगळे नळ दांडीवाले करून घेतले.

सगळ्यांत महत्त्वाचं: भूल. मॉर्किओमध्ये मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा ढिला असतो, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. भूल देताना मान नेहमीसारखी मागे वाकवली तर घात. दाताचं काम असो नाही तर हर्निया, भूलतज्ज्ञाला आधी भेटून एमपीएस आहे हे सांगा. हंटरच्या मुलांत मानेपेक्षा जीभ, घसा, श्वासनलिका यांचा त्रास असतो, पण सांगायचं तिथेही. सदाफुली, तुझ्या भाच्याच्या आधीच्या ऑपरेशन्सना कोणाला हे माहीत नव्हतं, नशीब म्हणायचं.

आणि अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत बुटकेपणा आहे. परीक्षेला तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो.

आडगावकर

उपचाराचं काय? खर्च किती?

मॉर्किओची_आई

एन्झाइम दर आठवड्याला शिरेतून, आयुष्यभर. डोस वजनावर, म्हणजे मूल वाढलं की बिलही वाढतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात २०२२ पासून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत आहे, ती नेमलेल्या केंद्रांमार्फत मिळते. आपल्याकडे मुंबईचं केईएम. पण ही रक्कम एकदाची आहे आणि आजार कायमचा. ती संपल्यावर काय, याचं उत्तर कोणाकडे नाही. यावर मी इतक्या सह्यांच्या मोहिमा बघितल्यात की आता चीड यायचीही बंद झालीय.

लॅबवाला

हंटरचं नावही त्या धोरणात आहे, पण सौम्य प्रकारासाठी. कारण शिरेतून दिलेलं एन्झाइम मेंदूत पोचत नाही. यकृत, प्लीहा आटोक्यात येतात, सांधे थोडे मोकळे होतात, मेंदूचा ऱ्हास मात्र थांबत नाही. जपानने २०२१ मध्ये मेंदूपर्यंत पोचणाऱ्या रूपांना मान्यता दिली.

एमएलडीसाठी मिलानच्या संशोधनातून निघालेली जनुकोपचार पद्धत आहे. मुलाच्याच अस्थिमज्जेच्या मूळ पेशींत चांगलं जनुक घालून परत देतात. युरोपात २०२० ला, अमेरिकेत मार्च २०२४ ला मान्यता. अमेरिकेतली किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर, म्हणजे ३५ कोटी रुपयांच्या घरात. आणि लहान वयात होणाऱ्या प्रकारात ती लक्षणं दिसण्याआधीच द्यावी लागते. लक्षणांआधी कळतं कोणाचं? बहुतेक वेळा ज्याचं मोठं भावंड आधी आजारी पडलंय त्याचं.

सदाफुली

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा बघितला, दुसरं सल्फाटेज तपासलेलं आहे आणि नॉर्मल आहे. म्हणजे हंटरच.

लॅबवाले काका, तुमचा तो प्रश्न मी आईला विचारला. आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, तिच्या पाठचा एक भाऊ होता. डोकं मोठं, पोट मोठं, बोटं वाकडी. बोलायला शिकला होता, मग बोलणं गेलं. दहाव्या-अकराव्या वर्षी गेला. बाहेरची बाधा म्हणून आजीने किती ठिकाणी नेलं होतं त्याला. आम्हा भावंडांना त्या मामाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

आता पुढचा पेच. आईला दोन बहिणी, एक बेळगावला, एक इंदूरला. इंदूरच्या मावशीच्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललंय. आई म्हणते, आत्ता तोंडातून अक्षर काढू नकोस, लग्न होऊ दे मग सांगू.

दवबिंदू

काकूंचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे स्थळं कशी परत जातात माहीत आहे. पण लग्नानंतर सांगायचं ते कधी? दिवस गेल्यावर?

सांगलीकर_बाबा

दवबिंदूंना अनुमोदन. आमच्या आजोळीही एक मूल असंच गेलं होतं, ते आम्हाला मुलगी गेल्यावर सांगितलं. तेव्हा सांगून काय उपयोग. त्या मुलीला स्वतःला सांगा, तिच्या आईवडिलांना नाही. सज्ञान आहे ना? स्थळाला काय आणि कधी सांगायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

लॅबवाला

मामाचं वर्णन हंटरशी जुळतंय. ते खरं धरलं तर तुमच्या आई वाहक आहेतच. तुमची शक्यता निम्मी, मावशांची निम्मी, मावसबहिणीची पाव.

क्रम असा ठेवा. आधी भाच्याच्या आयडीएस (हंटरच्या) जनुकातला नेमका बदल शोधायचा. तो हातात असल्याशिवाय तुमची तपासणी अर्धवटच. वाहक बाईचं एन्झाइम मोजून उपयोग नसतो, आकडा नॉर्मलमध्येही येतो. तिथे जनुकच बघावं लागतं. या जनुकाशेजारी त्याचीच एक निकामी नक्कल बसलेली आहे. दोघांची अदलाबदल होऊन काही कुटुंबांत जनुक उलटंपालटं झालेलं असतं आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ते सुटू शकतं. "काही सापडलं नाही" असं उत्तर आलं तर इन्व्हर्जन (हीच उलटापालट) तपासलं का, हे विचारा.

मग तुमची. तुम्ही वाहक निघालात तरी मूल होऊ शकतं. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. लिंगनिदान बंदीचा कायदा आनुवंशिक चयापचयाच्या आणि लिंगनिगडित आजारांसाठी ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात करू देतो, त्याची धास्ती नको. पण बदल आधीच माहीत हवा, दिवस गेल्यावर शोधायला लागलात तर ते आठवडे त्यातच जातात. मावसबहिणीलाही हेच लागू.

सदाफुली

भाच्याचा नमुना पुढच्या आठवड्यात देतोय. मावसबहिणीला मी रविवारी फोन करणार आहे, आईला न सांगता. रक्त कुरियरने पाठवताना काही काळजी?

लॅबवाला

जनुकासाठी जांभळ्या झाकणाची नळी, एन्झाइम पुन्हा करायचं असेल तर हिरव्या झाकणाची. एन्झाइमची नळी थंड ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका आणि गोठवू तर अजिबात नका, पेशी फुटतात. नळीवर नाव, वय, तारीख, आणि सोबतच्या कागदावर मामाची हकीकत लिहा. शुक्रवारी पाठवू नका, रविवार मध्ये येतो.